उमाटे सर डोलकाठी उभी करतात

डोलकाठी उभी करायची तर आधी ती आडवी ठेवायला जागा लागते, ही गोष्ट उमाटे सरांच्या ध्यानात आली तेव्हा डोलकाठीचं एक टोक त्यांच्या देवघरात होतं आणि दुसरं शेजारच्या अण्णाजींच्या ओट्यावर. मधल्या भागानं बैठकीची खोली, सोफ्याची पाठ, दाराची चौकट आणि दोन घरांमधली बुटकी भिंत ओलांडली होती. देवघरातल्या टोकाला सरांच्या पत्नी शोभाताईंनी सकाळी सवयीनं एक फूल वाहिलं होतं आणि ओट्यावरच्या टोकावर अण्णाजींनी आपला टॉवेल वाळत घातला होता. पंचवीस-सव्वीस फूट लांब, ॲल्युमिनियमची, आतून पोकळ आणि दिसायला अगदी गरीब अशी ही वस्तू सेलूसारख्या गावात काय काय घडवून आणील, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

काठी ज्या होडीची, ती होडी अंगणात उभी होती. होडी कसली, दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून मधे जाळी ताणलेली. तिला कॅटमरान म्हणतात. लेआऊटमधले, म्हणजे वस्तीतले, लोक मात्र तिला 'दोन डोंग्यायवर बांधलेली खाट' म्हणत आणि वर्णन म्हणून ते चुकीचं नव्हतं. सरांचा जावई सुमीत गोव्यात ज्या हॉटेलात नोकरीला होता, त्या हॉटेलानं ती जुनी झाली म्हणून काढली. सासऱ्यांनी एकदा फोटो पाहून फोनवर 'सुंदर आहे हो' म्हटलं होतं, तेवढ्या पुराव्यावर जावयानं ती ट्रकमध्ये घालून पाठवून दिली. जावयाशी सहज म्हणून काही बोलू नये, अशी म्हण आपल्याकडे नाही. असायला पाहिजे होती.

सरांनी मात्र ट्रकमधून होडी उतरताना पाहिली आणि ते कामातून गेले. सर भूगोलाचे. व्यापारी वारे, मोसमी वारे, पश्चिमी वारे हे सगळे त्यांनी जन्मभर फळ्यावर खडूच्या बाणांनी वाहवले. ज्या वाऱ्यांनी जहाजं या खंडातून त्या खंडात नेली, त्यातला एकही वारा सरांच्या वाट्याला आला नव्हता. आला तो फक्त वर्गाच्या खिडकीतून, तोही परीक्षेच्या दिवसांत, पेपर उडवायला. आपण ज्याच्यावर पोट भरलं ते वारं निदान एकदा शिडात भरून घ्यावं, असं त्यांना फार वाटलं. रिधोऱ्याचं धरण जवळच होतं. होडी होती, शीड होतं, धरण होतं. फक्त काठी तेवढी उभी व्हायची होती.

आता सरांच्या हृदयाबद्दल सांगितलं पाहिजे. मागच्या वर्षी त्यांना झटका आला आणि नागपूरला नेऊन दोन स्टेंट, लोकांच्या भाषेत छल्ले, बसवावे लागले. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "सर, आता नेहमीसारखं वागा. चाला, फिरा, बाजाराच्या पिशव्या उचला." पण डॉक्टर वयानं लहान दिसत होते, आणि ज्याला धड मिशी आली नाही त्याचं म्हणणं शोभाताईंनी मनावर घेतलं नाही. तेव्हापासून घरात जड अशी कोणतीही वस्तू सरांच्या हाताला लागू दिली गेली नाही. बादली शोभाताई उचलत. दळणाचा डबा सत्तरी ओलांडलेले अण्णाजी आपण होऊन घेऊन जात. भाजीवालीसुद्धा सरांच्या हातात मेथीची जुडी देताना थांबून विचारी, "जमन ना, सर?" दुपारी सरांचा डोळा लागला की शोभाताई त्यांच्या नाकापुढे बोट धरून बघत, आणि सर जागे असले तरी त्यांना बघू देत. तिच्या भीतीचा त्यांना राग येत नसे. राग येई तो स्वतःचा, की आपण आता घरातलं एक काचेचं सामान झालो आहोत.

होडी आल्यावर शोभाताईंनी दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी देवघरातल्या टोकावरचं फूल काढता काढता त्यांनी निकाल दिला.

"पान्यात जाचं नाव नंतर काढा. आदी ही काठी माह्या डोळ्यासमोर उभी करून दाखवा. कोनाले खरचटलं नाई पायजे, आन् तुमी ताकद लावली नाई पायजे. झाली तर मी बी धरनावर येईन, तुमच्या संगं बसीन. नाई झाली तर डोंगा भंगारात आन् तुमी खुर्चीवर."

ती खुर्ची म्हणजे आजारपणात घेतलेली वेताची आरामखुर्ची. सरांना तिच्याकडे बघितलं तरी थकवा येई. त्यांनी अट मान्य केली.

मग सर अभ्यासाला लागले. मोबाइलवर परदेशी माणसं काठ्या उभ्या करत होती ती त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली आणि दोन नियम वहीच्या मागच्या पानावर नव्हे, चांगले मनावर लिहून घेतले. पहिला, काठी पडली तर जिथवर पोचेल त्या जागेत कोणीही उभं राहायचं नाही. दुसरा, एकानंच बोलायचं. पहिला नियम कठीण आहे हे सरांना दिसत होतं. दुसरा आपल्या भागात अशक्य आहे हे त्यांना अजून दिसायचं होतं.

पहिली अडचण अण्णाजींनी काढली. अण्णाजी वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते होते बिलांच्या टेबलावर, पण लेआऊटमध्ये विजेबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच.

"सर, जरा वरतं पाहा," ते म्हणाले.

सरांनी वर पाहिलं. अंगणावरून तारा गेल्या होत्या. तेहतीस वर्षं आकाशाबद्दल शिकवलेल्या माणसानं आपल्याच अंगणावरचं आकाश नीट पाहिलं नव्हतं. परदेशी चित्रफितींत वर नुसतं निळं आभाळ असतं, तिथे कोणी 'वर बघा' म्हणत नाही.

"काठी अलुमिनमची. वरतं अकरा हजार धावून राह्यले," अण्णाजी म्हणाले. "उभी कराले गेले आन् तोल गेला, तं तारेपर्यंत जाले काठीले कितीसा वेळ लागते? मंग तुमच्या छल्ल्याचीबी गरज नाई अन् माह्या टॉवेलचीबी नाई."

सरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी त्याच क्षणी अंगणाचा विचार सोडला. अण्णाजींचे त्यांनी मनापासून आभार मानले, आणि त्यामुळे पुढचे चार दिवस अण्णाजी लेआऊटमधल्या प्रत्येकाला आभाळाकडे बघायला लावत होते.

तारा नसलेली एकच जागा होती, लेआऊटच्या टोकाचं मोकळं मैदान. तिथे काही उभं करायचं तर परवानगी लागते, असं कोणीतरी सांगितलं. खरं तर कोणाला विचारलं नसतं तर लागलीही नसती. पण सर विद्यार्थ्यांना रांगेत उभं करणारे, ते स्वतः नगरपंचायतीत रांगेत जाऊन उभे राहिले.

"सर, तुमी!" टेबलामागचा माणूस उभाच राहिला. तो सरांचा जुना विद्यार्थी. "सांगा. काय उभं करता?"

"डोलकाठी."

"कोनत्या पक्षाची?"

"पक्षाची नाही. होडीची."

त्यानं आदरानं मान हलवली. "टॉवर तं नाई ना, सर? मोबाइलचा? त्याले लय भानगडी हायेत."

"टॉवर नाही. उभी करायची आणि लगेच आडवी करायची."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मंग उभी काऊन करता?"

हा प्रश्न तसा तत्त्वज्ञानाचा होता, आणि सरांकडे त्याचं उत्तर असलं तरी ते टेबलावर मांडण्यासारखं नव्हतं. शेवटी त्या भल्या माणसानंच वाट काढली. डोलकाठी नावाची काही नोंद त्यांच्याकडे नव्हती, पण मांडव होता. एक दिवसाचा मांडव, घरगुती कार्यक्रम, सूर्यास्तापर्यंत. "मांडवात खांब असतेच ना, सर. तुमी एकच खांब लावा. कोन मोजते?"

सर खूश होऊन परत आले. मांडव या शब्दात केवढं सामर्थ्य आहे, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

कारण चाकांच्या गाड्यावरची होडी पोरांकडून ढकलून घेत ते मैदानावर पोचले तेव्हा तिथे अर्धा लेआऊट जमला होता. उमाटे सरांनी मांडवाची परवानगी काढली म्हणजे घरात कार्य आहे, हे कोणाला सांगावं लागलं नाही. कोणाचं कार्य, एवढाच प्रश्न उरला होता. एकुलत्या एक लेकीचं, अस्मिताचं, लग्न होऊन सुमीत जावई झालेला सगळ्यांना ठाऊक होता. अण्णाजींच्या कमलाबाईंनी शोभाताईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर दुसरं तं नाई ना करून राह्यले?" शोभाताईंनी त्यांना होडी दाखवली. कमलाबाईंचं समाधान झालं नाही.

मांडव घालणारे बिछायतवाले बाबाराव आपला ट्रॅक्टर, गाद्या, लाकडी बल्ल्या आणि पाच-सहा माणसं घेऊन हजर होते. तेही सरांचे विद्यार्थी, भूगोलात नापास. "सर, तुमी हुकूम करा," ते म्हणाले, आणि तेवढ्यापुरतंच त्यांनी सरांना बोलू दिलं. "तालुक्यातल्या कोन्या मांडवाचा खांब पडला असं ऐकलं तुमी? नाई ना? मंग बसा निवांत."

आणि नाचणगावहून सरांची थोरली बहीण यशोदाबाई आली होती. हळदीकुंकू, आंब्याचे डहाळे, सुपारी, नारळ सगळं घेऊन. तिला सगळा लेआऊट आत्याबाई म्हणे. तिला कोणी कळवलं हे आजवर उघड झालेलं नाही.

"मांडव म्हटला का मुहूर्तमेढ आली," आत्याबाई म्हणाली. "हेमराज, पाट मांड. तू आन् शोभा पूर्वेकडे तोंड करून बसा."

"बाई, ही मेढ नाही. ही होडीची काठी आहे."

"काठीच तं पुजतेत, बावा. माहीत नसलं तं गप बस."

सर शाळेत प्रत्येकाला गप्प बसवत आले, पण आत्याबाईपुढे त्यांची इयत्ता तिसरीच होती. पूर्वेकडे तोंड केलं की होडीकडे पाठ होते, ही भौगोलिक वस्तुस्थिती त्यांच्या मनात येऊन गेली, पण सुपारीच्या गणपतीवर पाणी सोडताना मागे वळून पाहायची सोय नसते. मागून बाबारावांचा आवाज येत होता, मग पहारीचा, मग सगळ्यांचा मिळून 'हैय्या'. सर एकदा उठू लागले. आत्याबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि वर सुवासिनींना म्हणाली, "त्याची तब्येत नाजूक हाय."

पूजा आटोपून सर वळले, तेव्हा डोलकाठी उभी होती.

अगदी सरळ, अगदी भक्कम. टोकाला आंब्याचा डहाळा, अंगावर हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं. फक्त ती होडीवर नव्हती. होडीपासून दहा हात लांब, मैदानात चांगला खोल खड्डा खणून, तळाशी सुपारी टाकून, दगडमातीनं ठोकून बाबारावांनी ती जमिनीत रोवली होती. काठीला आधार द्यायच्या बाजूच्या तारा झिंज्यांसारख्या लोंबत होत्या. शेजारी होडी आपली बिनकाठीची बसली होती.

"हत्ती बांधा, सर," बाबाराव घाम पुसत म्हणाले. "हालली तं नाव बदलीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शोभाताईंनीही वाजवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

"झाली नं उभी!" त्या म्हणाल्या. "कोनाले काई लागलं नाई, तुमी हात लावला नाई. तुमी जिंकले, जी."

बघायला गेलं तर अट शब्दशः पूर्ण झाली होती. काठी शोभाताईंच्या डोळ्यासमोर उभी होती, कोणाला खरचटलं नव्हतं. 'हो' म्हटलं की भंगारवाला टळत होता आणि बायको धरणावर येत होती. पण धरणावर गेल्यावर काय? पाण्यात खड्डा कुठे खणायचा? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शोभाताई त्यांच्या शब्दावर त्या खाटेवर बसणार होत्या. ज्या बाईनं आपल्यासाठी वर्षभर धास्ती खाल्ली, तिला अर्धवट गोष्टीवर भरवसा ठेवायला लावायचा, हे सरांच्या जिवाला पटेना.

"नाही झाली," ते म्हणाले. "ही काठी होडीवर उभी राहिली पाहिजे. ही उपटावी लागेल."

बाबारावांचा चेहरा पडला. आत्याबाईनं कानावर हात ठेवले.

"मेढ उपटाची? कार्य झाल्याबिगर? उमाट्यायच्या घरात आजवर कोनं उपटली नाई, आन् मी जितीजागती असेपर्यंत कोनी उपटत बी नाई!"

"पण बाई, कार्यच नाही ना कोणाचं!"

"नाई तं करा."

यावर बरीच चर्चा झाली. सरांची साठी दवाखान्यातच गेली होती, ती शांत करून घ्यावी, असं कमलाबाई म्हणाल्या. सत्यनारायण सोपा पडेल, असं अण्णाजींचं मत पडलं. बाबारावांनी दोन्ही करावं असं सुचवलं, कारण गाद्या आणलेल्याच होत्या. शेवटी आत्याबाईनंच निवाडा दिला, की कार्य कोणतंही असो, पंगत उठली म्हणजे कार्य झालं. पंगत द्या, दहीभात दाखवा, मेढ काढा.

अशा रीतीनं डोलकाठी जमिनीतून काढण्यासाठी उमाटे सरांना लेआऊट जेवू घालावा लागला. आचारी बाबारावांच्या ओळखीचा होता. आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, वरणभात, बुंदी आणि मठ्ठा. पंगतीत 'कार्य कशाचं' असं नव्यानं आलेले लोक विचारत आणि जुने लोक काठीकडे बोट दाखवत. एक गृहस्थ सेलूच्या बाजारातून घरी जाताना गर्दी पाहून बसले आणि जेवून झाल्यावर सरांच्या हातात आहेराचं पाकीट ठेवून गेले. सरांनी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाकीट परत द्यायला धाव घेतली, तर अण्णाजींनी मधेच अडवलं, "सर, धावू नका." तोवर गृहस्थ सायकलवर दिसेनासे झाले.

मग मेढ काढायला घेतली. बाबारावांनी स्वतःच ती इतकी घट्ट ठोकली होती, की उपटताना त्यांच्या माणसांच्या पोटातली बुंदी जिरली. काठी निघाली, सुदैवानं वाकली नव्हती. सरांनी तिचा बुंधा ओल्या फडक्यानं पुसला, होडीवर बसवला, बिजागरीसारखा खिळा घातला आणि शिस्तीत कामाला सुरुवात केली. मागं वळून म्हणाले, "बाबाराव, चला."

बाबाराव आणि त्यांची सगळी माणसं कडुलिंबाखाली आपल्याच गाद्यांवर आडवी झाली होती. मठ्ठ्याचा अंमल होता, त्यात उपटण्याचे कष्ट. एक जण घोरता घोरता 'हैय्या' म्हणाला.

ऊन कलायला लागलं होतं. परवानगी सूर्यास्तापर्यंतच होती, आणि उद्या पुन्हा मांडव मागायचा म्हणजे आत्याबाई पुन्हा आली. सरांनी ठरवलं, आजच.

त्यांनी होडीच्या चाकांना विटा लावल्या. काठी मागच्या बाजूला लाकडी घोडीवर टेकवून ठेवली. दोन्ही बाजूंच्या तारा आधीच होडीला जोडल्या, म्हणजे काठी उठताना डावी-उजवीकडे झुकू नये. पुढच्या बाजूला दोन बांबूंची कैची बांधली, तिच्यावरून दोर घेतला आणि होडीबरोबर आलेल्या कप्प्यांमधून तो असा ओवला, की ओढणाऱ्याला जोर कमी लागावा. सगळ्यात शेवटी चुन्याची फक्की घेऊन होडीभोवती एक मोठं रिंगण आखलं. काठी पडली तर रिंगणाच्या आत पडेल. आत कोणी नाही. हे सगळं करताना त्यांनी ताकद अशी लावलीच नाही, नुसती अक्कल लावली, आणि शोभाताई लांबून पाहत होत्या.

उठलेले, न झोपलेले आणि नुसते उरलेले असे सगळे लोक येऊन चुन्याच्या रेघेला अंगठे लावून उभे राहिले.

"ओढणार कोण?" अण्णाजींनी विचारलं आणि स्वतःच बाह्या सारल्या. कमलाबाईंनी त्या बाह्या परत खाली केल्या.

सरांचा हात दोराकडे गेला.

"हात नोका लावू," शोभाताई म्हणाल्या.

"मग कोण ओढणार?"

शोभाताईंनी क्षणभर त्या लांबलचक काठीकडे पाहिलं, मग पदर कमरेला खोचला आणि रेघेबाहेर राहूनच दोर हातात घेतला. "सांगा कसं करू ते."

सरांनी सांगितलं. त्या ओढू लागल्या. विहिरीवरून घागर काढावी तसा दोर हातावर हात करत येऊ लागला आणि काठीनं घोडी सोडली. इतकं हलकं येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. काठी हळूहळू उठत होती, आंब्याचा डहाळा अजून टोकाला होता, आणि सर रेघेबाहेर उभे राहून एकेक शब्द बोलत होते, "ओढ. थांब. ओढ." तेहतीस वर्षांत एवढा शहाणा वर्ग त्यांना मिळाला नव्हता.

काठी अर्ध्यावर आली आणि वाऱ्याची एक झुळूक आली. त्याच वेळी डावीकडची तार अचानक ताठ झाली. पंगतीची एक प्लॅस्टिकची खुर्ची रिंगणाच्या आत राहून गेली होती, होडीला लागूनच, आणि तार तिच्या पायात अडकली होती. खुर्ची ओढली गेली, आडवी पडली, होडीखाली जाऊन रुतली. काठी डावीकडे कलली.

मग दुसरा नियम गेला. "सोडा!" "सोडू नोका!" "ओढा ओढा!" "अबे खुर्ची काढा!" कडुलिंबाखालून बाबाराव झोपेतच "बल्ली लावा!" म्हणून ओरडले. आणि सरांच्या शरीरानं, त्यांना न विचारता, तेच केलं जे घरातलं काही पडताना कोणत्याही पुरुषाचं शरीर करतं. त्यांचा एक पाय चुन्याच्या आत पडला. खांदा द्यायचा, काठी धरायची, एवढंच त्यांना दिसत होतं.

"हेमराज!"

हाक शोभाताईंची होती.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत शोभाताईंनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते फक्त उखाण्यात, तेही लोकांनी दार अडवल्यावर. आज त्यांनी ते भर मैदानात, कोणत्याही यमकाशिवाय, शाळेत हजेरीला ओरडावं तसं घेतलं होतं.

"मांगं व्हा!"

सर जागच्या जागी थिजले. सगळं मैदान थिजलं. आत्याबाईचा हात तोंडाकडे गेला. ओरडणारे सगळे एकाएकी गप्प झाले, आणि सरांचा दुसरा नियम लेआऊटच्या इतिहासात प्रथमच पाळला गेला.

सरांनी आत टाकलेला पाय मागे घेतला. छाती धडधडत होती, पण ती दुखत नव्हती, हे त्यांनी तेवढ्यातही पाहून घेतलं. समोर शोभा मागे रेलून दोर धरून उभी होती, चेहरा पांढराफटक, पण हात घट्ट. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, ते काय सांगतात याची वाट बघत.

सर शाळेमुळे जन्मभर पुस्तकी बोलत आले. आता त्यांच्या तोंडून गावातली बोली निघाली. "शोभे, भेऊ नको. सोडू नको. ओढू बी नको. इतकुसा ढील दे. हं. अजून इतकुसा. पडू नाई द्याची, निजू द्याची तिले."

काठी तशीच तिरपी तिरपी खाली येऊ लागली. बांबूंची कैची करकरली, पण धरून राहिली. शेवटचा हातभर राहिला तेव्हा कोणीतरी 'शाब्बास' म्हणायला तोंड उघडलं आणि आत्याबाईनं त्याला कोपरानं गप्प केलं. काठी घोडीवर टेकली. कोणाला खरचटलं नाही.

"खाली ठेवली," सर म्हणाले. "खाली ठेवता आली म्हणजे अर्धं काम झालं." हे ते शोभाताईंना सांगत होते की स्वतःला, हे त्यांनाही नीट कळलं नाही. त्यांनी खुर्ची काढून रिंगणाबाहेर फेकली, तारा हातानं चाचपून मोकळ्या केल्या, सगळं रिंगण एकदा चालून पाहिलं आणि परत रेघेबाहेर येऊन उभे राहिले. "पुन्हा?"

शोभाताईंनी तळहात पदराला पुसले. "पुन्हा."

या खेपेला ती सरळ उठली. अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढे गेली, मग एका क्षणी तिचं वजनच नाहीसं झाल्यासारखं झालं आणि ती होडीवर ताठ उभी राहिली. बाजूच्या तारा ताणल्या गेल्या. आता पुढची तार होडीच्या टोकाला जोडायची होती, आणि ती जोडायला कोणीतरी आत जायला हवं होतं. सरांनी बायकोकडे पाहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "मी धरून हावो."

सर आत गेले. पुढची तार लावली, खिळा घातला, खिळ्यात कडी घातली, कडी ओढून पाहिली. मग मागे येऊन म्हणाले, "झालं. सोड आता."

शोभाताईंनी दोर सोडला नाही.

"बांधली?"

"तिन्ही बाजूंनी बांधली."

"पडन तं नाई?"

"नाही पडत."

"पक्कं?"

"शोभा, पक्कं. आता ती आपल्या आधारानं उभी आहे. तू धरून ठेवायची गरज नाही."

शोभाताई तशाच उभ्या राहिल्या. दोर धरलेल्या हातांना हे पटायला वेळ लागत होता. मग एकेक बोट सैल झालं आणि दोर जमिनीवर पडला. काठी हलली नाही. शोभाताईंचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांची धास्ती एकदम बाहेर पडत होती, आणि त्यांनी ती लपवली नाही. सर शेजारी जाऊन उभे राहिले. लेआऊटमधल्या लोकांपुढे बायकोचा हात हातात घेण्याचा त्यांना सराव नव्हता, म्हणून त्यांनी नुसते तिचे लाल झालेले तळवे पाहिले.

आत्याबाई सावरत पुढे आली. "शोभे, नाव घेतलं वं तुनं नवऱ्याचं!"

"घेतलं, बाई," शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या. "लागलं तं अजून घेईन."

सूर्य टेकला होता. परवानगी संपत आली होती. बाबाराव डोळे चोळत उठले आणि समोर काठी उभी पाहून, ती आपणच उभी केली असावी अशा समाधानानं हसले. सगळ्यांना आता घाई झाली. कोणी घोडी उचलली, कोणी बांबू सोडले. दोराचं भलंमोठं वेटोळं जमिनीवर पडलं होतं. सर ते घ्यायला वाकले तसे अण्णाजी लगबगीनं धावले, बाबारावही धावले, "सर, सर, तुमी राहू द्या!"

"राहू द्या, भाऊ," शोभाताई मागून म्हणाल्या. "ते उचलतीन."

दोघंही थांबले. सरांनी वेटोळं उचललं, खांद्यावर टाकलं आणि घराच्या दिशेनं चालू लागले. ते त्यांच्या अंदाजापेक्षा बरंच जड होतं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.